खुराडं, शेड आणि मधला बांध : बर्ड फ्लूबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात कोंबड्यांच्या लसीकरणावर चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेली निम्म्याहून जास्त पत्रं आणि मेसेज बर्ड फ्लूचेच निघाले, आणि त्यातलेही बरेचसे रोगाबद्दल कमी नि शेजाऱ्याबद्दल जास्त. पोल्ट्रीवाला म्हणतो गावच्या मोकळ्या कोंबड्या रोग आणतात, गाव म्हणतं पोल्ट्रीच आणते. थंडी तोंडावर आलीय, म्हणून शेळ्या-म्हशीवाल्यांची माफी मागून या वेळी एवढाच विषय घेतोय. पत्रं थोडी कापून छापलीत.

प्रश्न : डॉक्टर, माझी पाच हजार ब्रॉयलरची शेड आहे, कंपनीशी करार आहे. शेडला लागूनच वस्ती, सात-आठ घरं, प्रत्येकाच्या दहा-पंधरा गावरान कोंबड्या दिवसभर मोकळ्या. खाद्याच्या खोलीपाशी येतात, जाळीला चोच लावून उभ्या राहतात. सुपरवायझर म्हणतो या बंद करा नाहीतर पुढची बॅच टाकणार नाही. चुलते म्हणतात आमच्या कोंबड्या तुझ्या शेडच्या आधीपासून आहेत, तूच शेड हलव. बर्ड फ्लू आला तर तो यांच्याकडूनच येणार ना? — एक वाचक, ता. संगमनेर

यांच्याकडूनच असं काही नाही दादा. यांच्याकडूनही येऊ शकतो, एवढंच.

मुळात हा विषाणू रानबदकांचा आणि पाणपक्ष्यांचा. थंडीत मध्य आशियाकडून थवे आपल्याकडे उतरतात, जायकवाडी, उजनी, शिवाय गावोगावचे पाझर तलाव, आणि त्यातले काही पक्षी स्वतः ठणठणीत असून विष्ठेतून विषाणू सोडत असतात. गारठ्यात तो चिवट आहे, चार अंश तापमानाला विष्ठेत महिनाभराहून जास्त टिकतो, तोच सदतीस अंशांना सहाएक दिवसांत संपतो, म्हणून आपल्याकडच्या मोठ्या साथी बघा, जानेवारी ते मार्चमधल्याच दिसतील. आता तलावाच्या काठाला, ओढ्याला चरायला जातं कोण? तुमची ब्रॉयलर छपराखालून हलत नाही. जाते ती चुलत्यांची कोंबडी, आणि कुणी पाळीव बदकं ठेवली असतील तर ती तिच्याही आधी, आणि बदकाचं वाईट असं की ते कधी कधी आजारी दिसतच नाही. तेव्हा पहिला फटका मोकळ्या पक्ष्याला बसायची शक्यता जास्त, इथपर्यंत सुपरवायझर बरोबर आहे.

पण कोंबडी काही एसटीने फिरत नाही. ती घराभोवतीच फिरते आणि दिवेलागणीला परत खुराड्यात येते. दहा-बारा कोंबड्यांच्या घरात हा रोग शिरला तर दोन-चार दिवसांत बहुतेक सगळ्या मरतात, विषाणूला पुढे जायला पक्षीच उरत नाही आणि तो तिथेच विझतो, माणसाने उचलून पुढे नेला नाही तर. शेडमध्ये उलटं. पाच हजार पक्षी, एका वयाचे, एका जातीचे, अंगाला अंग लावून बसलेले, तिथे तो शिरला की थांबत नाही, आणि नंतर शेडमधून बाहेर काय काय जातं ते मोजा : मेलेल्या कोंबड्या, तूस आणि विष्ठा मिळून झालेलं खत, रिकामी खाद्याची पोती, पक्षी भरायला आलेली गाडी, गाडीवरची पोरं, त्यांचे क्रेट.

देशातली पहिली साथ आठवा, फेब्रुवारी २००६, नवापूर, जिल्हा नंदुरबार. ती अंड्यांच्या मोठमोठ्या फार्मवर सापडली, खुराड्यात नाही. त्यानंतर मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या गावांत निघाली ती मात्र परसातल्या कोंबड्यांत. मग २००८ चा जानेवारी, पश्चिम बंगाल, बीरभूमपासून सुरू झालं आणि तिथे बहुतांश घरगुती कोंबड्याच होत्या, ४० लाखांच्या आसपास पक्षी मारावे लागले, कारण लोकांनी आजारी कोंबड्या लपवल्या, स्वस्तात विकल्या, पाहुण्यांकडे धाडल्या. थायलंडमध्ये २००४ ला कापणी झालेल्या भातखाचरांतून चरत फिरणाऱ्या बदकांचा मोठा हात निघाला. तर त्याच थायलंडचे आकडे नंतर कुणीतरी कळपांच्या प्रमाणात मांडून पाहिले तेव्हा परसातल्या कळपांपेक्षा मोठ्या फार्मना लागण होण्याचं प्रमाण जास्त निघालं. सांगायचं काय, दोन्ही दिशांनी वाट आहे आणि त्या वाटेवर बहुतेक वेळा कोंबडी चालत नसते, चप्पल चालत असते.

त्यामुळे पहिला प्रश्न तुमच्या सुपरवायझरलाच विचारा. ते दिवसाला किती शेड फिरतात, आणि प्रत्येक ठिकाणी चप्पल बदलतात का? (चिडतील, पण विचारा.) दुसरा स्वतःला. शेडवाल्याच्याच घरी, शेडच्याच मागे, घरच्या खाण्यासाठी आठ-दहा गावरान सोडलेल्या मी इतक्या ठिकाणी बघितल्यात की आता त्याचं नवलही वाटत नाही, आणि शेडवर कामाला येणाऱ्या माणसाच्या घरी तर असतातच. तो सकाळी आपलं खुराडं उघडतो, हाताने विष्ठा झाडतो आणि त्याच चपलेवर तुमच्या शेडमध्ये पाणी द्यायला शिरतो. शेडसाठी वेगळी चप्पल, तिथेच दाराच्या आत ठेवलेली, आतून बाहेर जायची नाही आणि बाहेरून आत यायची नाही, शंभर-दीडशे रुपयांची वस्तू आहे, महागड्या फवाऱ्याच्या आधी ही करा. दारातलं औषधाचं पाणी म्हणाल तर चिखल-विष्ठा लागलेला पाय त्यात बुडवून उपयोग शून्य, घाण असली की औषध तिच्यातच संपतं, आधी ब्रशने खरवडायचं मग बुडवायचं, आणि ते पाणी रोजच्या रोज बदलायचं. आठवडाभराचं करडं झालेलं पाणी बऱ्याच दारात बघतो, ते फक्त व्हिजिटला आलेल्या साहेबाला दाखवायला असतं. साबणानेसुद्धा हा विषाणू मरतो हे लक्षात असू द्या, त्यामुळे हातपाय धुणं ही क्षुल्लक गोष्ट नाही.

आता कोंबड्या. त्या तुमच्याकडे प्रेमाने येत नाहीत, सांडलेल्या मक्या-सोयाबीनला येतात. पोती उतरवताना जे सांडतं ते त्याच दिवशी झाडून काढा, खोलीला खालून दोन फूट बारीक जाळी मारा, कोंबडीसोबत चिमण्या, पारवे आणि उंदीरही कमी होतील. कोंबडीखताचा ढीग बांधावर उघडा टाकू नका, किड्यांसाठी गावरान कोंबडी तो दिवसभर उकरत बसते, वर कावळे असतात, म्हणजे शेडमध्ये जाऊ न देऊनही तुम्ही तिला शेडच जेवायला वाढता. झाकून ठेवा, बाहेर नेताना ताडपत्री घाला.

आणि चुलत्यांशी भांडू नका, त्यांना लासोटा द्या. तुम्ही हजार डोसची बाटली फोडता, शेवटच्या बाटलीत थोडं तरी उरतंच, ते बर्फावर ठेवून त्या तासा-दोन तासांत वस्तीवर पोचवा, आणि थेंब डोळ्यात टाकायचं काम त्यांचं त्यांना करू द्या, तुम्ही खुराड्यात शिरू नका. ही लस राणीखेतची, म्हणजे मानमोडीची आहे, बर्ड फ्लूची नाही, पण वस्तीवरची मानमोडीची मर थांबली की उद्या जेव्हा खरंच भलतंच काही होऊन कोंबड्या मरतील तेव्हा ते उठून दिसेल आणि चुलते सगळ्यात आधी तुम्हाला सांगतील. जानेवारी-फेब्रुवारीत तेवढ्या कोंबड्या डाल्याखाली किंवा जाळीत ठेवा असं त्यांना मग म्हणता येईल, जाळी तुमच्या खर्चाने. आधी सुपरवायझरची धमकी सांगून जे होणार नाही ते बहुतेक यातून होतं.

प्रश्न : आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर अंड्यांची मोठी पोल्ट्री आहे. तिथे मेलेल्या कोंबड्या पोत्यात भरून ओढ्यात टाकतात, कुत्री ओढत आमच्या अंगणात आणतात. परवापासून माझ्या कोंबड्या मरायला लागल्या, चौदातल्या नऊ गेल्या, तुरे निळे-काळे झाले होते, तोंडं सुजली होती. पोल्ट्रीवाले म्हणतात तुमच्याच कोंबड्यांनी रोग आणला असेल, बोभाटा करू नका. उरलेल्या पाच रविवारच्या बाजारात काढून टाकू का? — एक भगिनी, जि. जालना

ताई, विकू नका. तुम्हाला मासिक छापून येईपर्यंत थांबवलं नाही, फोन करून सांगितलंच आहे, पण बाकीच्यांसाठी लिहितो. रोगाला एका गावातून दहा गावांत जायला आठवडी बाजारासारखी सोय नाही. एका पाटीत पाच घरच्या कोंबड्या, पाय बांधून उलट्या, संध्याकाळी न विकलेल्या परत घरी.

निळा तुरा, सुजलेलं डोकं, पायाच्या नळीवर लाल ठिपके, अचानक पातळ कवचाची अंडी, मान वाकडी आणि पटापट मर, हे सगळं बर्ड फ्लूत होतं, पण यातलं बरंचसं राणीखेतमध्येही होतं. नुसतं बघून मी काय, कुणीच सांगू शकत नाही. नवापूरला २००६ मध्ये हेच झालं होतं, कोंबड्या आधीच मरत होत्या आणि लोक राणीखेत समजून होते, १८ फेब्रुवारीला निदान जाहीर झालं. तेव्हा 'ही नेहमीची मानमोडी असेल' हे वाक्य जरा जपून वापरा, विशेषतः जिथे लसीकरण झालेलं असून मर लागलीय तिथे.

करायचं असं. गावच्या किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, नाहीतर १९६२ या नंबरला फोन लावा. ते येईपर्यंत मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकू नका, पुरूही नका, दुहेरी पिशवीत बांधून कुत्र्या-मांजरांच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी ठेवा, कारण नमुना लागतो. हाताळताना हातात पिशवी, तोंडाला रुमाल, नंतर साबणाने स्वच्छ धुणं. जिवंत पाच आहेत त्या डाल्याखाली, पोरांना लांब ठेवा. डॉक्टर आले की जिवंत पक्ष्याच्या घशात आणि मागच्या बाजूला कापसाची काडी फिरवून नमुना घेतात, मेलेला पक्षी बर्फात घालतात, ते पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे आणि तिथून भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत जातं, शेवटचा शब्द भोपाळचा. त्यात काही दिवस जातात आणि ते दिवस फार वाईट जातात, हे मला माहीत आहे, सगळं गाव येऊन कुंपणाशी उभं राहतं.

'बोभाटा करू नका' याबद्दल : प्राण्यांमधील सांसर्गिक रोगांचा २००९ चा केंद्राचा कायदा आहे, त्यात असा संशय आला की कळवणं ही पक्षी ज्याच्या ताब्यात आहेत त्याची जबाबदारी आहे. तुमचीही आणि त्यांचीही. ओढ्यात मेलेले पक्षी टाकणं हा तर सरळ सरळ गुन्हा समजा, मग रोग कुठलाही निघो. ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या, आणि अर्जात 'यांनी रोग आणला' असं एक अक्षर लिहू नका, फक्त पोती कुठे, कधी, किती दिसली ते लिहा, फोटो लावा. रोग कुणी कुणाला दिला हे विषाणूची जनुकीय तपासणी करूनसुद्धा अवघड जातं, तुम्ही-आम्ही अंगणात उभं राहून काय ठरवणार.

प्रश्न : बातमी आली की आमचे हे हाफ फ्रायसुद्धा बंद करतात. खावं की नाही? — पुण्याहून

हाफ फ्राय बंद केलं तर बरंच केलं. पूर्ण उकडलेलं अंडं आणि नीट शिजलेलं चिकन बिनधास्त खा, ७० अंशांच्या वर सगळीकडून शिजलं की विषाणू उरत नाही, आणि आपल्याकडे चिकन शिजवतात ते शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊन. काळजी कच्च्याची घ्या, म्हणजे ते कापलेली सुरी-पाट आणि त्याच हाताने चिरलेली कोथिंबीर.

प्रश्न : बर्ड फ्लूची लस कुठे मिळेल? मेडिकलवाला म्हणतो आर-टू-बी घ्या, तीच चालते. — एक वाचक, जि. सातारा

चालत नाही. लासोटा काय, आर-टू-बी काय, दोन्ही राणीखेतच्या. बर्ड फ्लूच्या ज्या एच५एन१ प्रकाराने कोंबड्या धडाधड मरतात त्याची लस आपल्या देशात कोंबड्यांना देत नाहीत. सापडला की मारून विझवायचा हे आपलं धोरण. एच९एन२ नावाचा सौम्य भाऊ आहे, त्याने कोंबडी मरत नाही पण अंडी उतरतात, त्याच्यावरची लस भोपाळच्याच संस्थेने तयार केलीय, पण ती लेयरवाल्यांच्या, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्यांच्या कामाची, तुमच्या परसातल्या वीस पक्ष्यांचा तो प्रश्न नाही. चीन, इजिप्त, इंडोनेशिया लस देतात, फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे भीती अशी की लस घेतलेला पक्षी मरत नाही पण विषाणू सोडत राहू शकतो, आणि मोकळ्या कोंबड्यांवर तितकी देखरेख ठेवायला माणसं कुठून आणणार. मला स्वतःला वाटतं की मोठ्या लेयर फार्मपुरता तरी याचा विचार कधीतरी करावाच लागेल, पण आज कुणी तुम्हाला 'बर्ड फ्लूची लस' म्हणून काही विकत असेल तर पैसे देऊ नका.

प्रश्न : २००६ ला आमच्याकडे सगळं मारलं, २०२१ ला पुन्हा मारलं. भरपाई म्हणून जे मिळतं त्यात नवी पिल्लंसुद्धा येत नाहीत. मग माणूस कळवेल कशाला? — ता. नवापूर

तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे गोड उत्तर नाही. २०२१ च्या साथीत दर असे होते : अंड्याची कोंबडी आठ आठवड्यांपर्यंत २० रुपये, त्यावर ९०. ब्रॉयलर सहा आठवड्यांपर्यंत २०, त्यावर ७०. अंड्याला ३ रुपये, खाद्याला किलोमागे १२. निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे. ऐन अंड्यावर आलेल्या लेयरला ९० म्हणजे थट्टा आहे, आणि ज्या बाईची गावरान बाजारात चार-पाचशेला जाते तिला तर अधिकारी दारात दिसले की कोंबडी पाटीखाली घालावीशी वाटणारच. १ किलोमीटरच्या आतले सगळे पाळीव पक्षी मारतात, त्यात तिचेही, रोग झालेला असो नसो. बंगालमध्ये कोंबड्या लपल्या त्या अडाणीपणामुळे नाही, दरामुळे. हे मी बैठकांमध्येही बोललोय, गावरानला वेगळा दर असायला हवा.

पण तरीही कळवा म्हणतो, त्याचं कारण हिशोबाचंच आहे. पैसे मिळतात ते सरकारने मारलेल्या पक्ष्याचे. आधीच मेलेल्याचे काहीच नाहीत. म्हणजे शेडमध्ये मर लागली आणि तुम्ही आठवडाभर वाट बघितलीत तर रोज जेवढे मरतील तेवढ्यांवर पाणी. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात ८०० च्या आसपास कोंबड्या निदान होईपर्यंतच गेल्या होत्या. म्हणून मरतूक रोजच्या रोज वहीत लिहा, पक्ष्यांची संख्या, अंडी, खाद्याची बिलं, सगळं तारखेनिशी. पंचनाम्याच्या दिवशी ज्याच्याकडे वही असते त्याच्याशी कुणी वाद घालत नाही. गावरानवाल्यांनीही फार नाही, घरात किती पक्षी आहेत एवढं तरी पशुधन पर्यवेक्षकाकडे नोंदवून ठेवावं.

आणि साथ संपली म्हणून लगेच पिल्लं टाकू नका. खत-तूस विल्हेवाट, चुना, निर्जंतुकीकरण, मग नमुने पुन्हा पुन्हा निगेटिव्ह, तेव्हा परवानगी. नवापुरात शेड एकमेकांना इतक्या जवळ आहेत की एकाने घाई केली तर सगळ्यांचं परत पहिल्यापासून. अंड्यांचे ट्रेसुद्धा बघा. व्यापाऱ्याकडून परत आलेला पुठ्ठ्याचा ट्रे कुणाकुणाच्या फार्मवरून फिरून आलाय ते देवाला ठाऊक, पुठ्ठा धुता येत नाही, प्लॅस्टिकचे घ्या नि धुऊनच आत घ्या.

प्रश्न : माणसांना होतो का? आमच्या अंगणवाडीतली पोरं पिल्लांशी खेळतात. — अंगणवाडी सेविका, धारणी

होतो, पण सहजासहजी नाही. नवापूरला २००६ मध्ये माणसांचे नमुने तपासले होते, कुणालाही निघाला नाही. भारतात एच५एन१ ने पहिला माणूस गेला तो जुलै २०२१ मध्ये, हरियाणातला ११ वर्षांचा मुलगा, दिल्लीत. जगात २००३ पासून नऊशेच्या वर लोकांना लागण झाली आणि त्यातले जवळपास निम्मे दगावले, म्हणून दुर्मीळ असूनही हलक्यात घेत नाहीत. आणि तुम्ही धारणीच्या म्हणून सांगतो, एच९एन२ ची भारतातली पहिली मानवी नोंद तुमच्या मेळघाटातलीच, फेब्रुवारी २०१९, १७ महिन्यांचं बाळ, ताप-खोकला होता, बरं झालं. पुण्याच्या विषाणू संस्थेने ते शोधलं.

पोरांना पिल्लांशी खेळू द्या, पिल्लू उबेला घेऊन झोपू देऊ नका, खेळून झालं की हात साबणाने धुऊन मगच खाऊ. मेलेली किंवा झुलणारी कोंबडी पोरांनी उचलायची नाही, आणि मरायला टेकलेली कोंबडी 'वाया कशाला घालवा' म्हणून घरी कापायची नाही, ही पद्धत तुमच्याकडेच काय आमच्याकडेही आहे, सगळ्यात जास्त धोका त्या सोलण्यात आणि आतडी काढण्यात आहे. घरात पक्षी मेलेत आणि मुलाला ताप-खोकला, धाप आहे तर दवाखान्यात आधी हे सांगा की घरी कोंबड्या मेल्यात. डॉक्टर आपणहून विचारत नाहीत.

प्रश्न : आमच्या पिंपळाखाली चार-पाच कावळे मरून पडलेत. काय समजायचं? — उदगीरजवळून

जानेवारी २०२५ ला तुमच्या उदगिरातच कावळे मेले होते आणि ते बर्ड फ्लूनेच निघाले, तेव्हा वीज किंवा विषबाधा असेल असं धरून बसू नका. हात लावायचा नाही, कुत्री बांधायची, आजूबाजूच्या कोंबड्या आत घ्यायच्या आणि दवाखान्यात फोन. फोटो गावाच्या ग्रुपवर टाकायचा तो त्यानंतर.